सात महिन्यांच्या पोराला शिकवायचं कोणी?

पिंपरी

प्रिय मित्रा,

तुझं लांबलचक पत्र वाचलं आणि आधी स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "अगं, ह्याची लेक फोर्कलिफ्ट चालवायला लागली!" बायकोचा विश्वास बसेना. औंधच्या आयटीआयत आपल्या वेळी फिटरच्या वर्गात औषधालासुद्धा मुलगी नव्हती, आणि आता आपल्या घरातली पोर बोलोन्याच्या गोदामात पॅलेट उचलते आहे. तिला काकाकडून शाबासकी सांग. आणि मागे घेताना मान वळवून बघत जा म्हणावं, आरशावर विसंबू नकोस. हे तिला कोर्समध्ये सांगितलंच असेल, पण काकांनी सांगितलं की डोक्यात राहतं.

पत्रात तू मध्येच एक वाक्य टाकलंस. नोकरी एजन्सीमार्फत, तीच मुळी तीन महिन्यांची, आणि तरी कामावर जाण्याआधी तिला फुकट कोर्स मिळाला, शिवाय त्या कोर्सच्या पैशांच्या कारभारात युनियनची माणसं बसलेली आहेत. वर तू विचारतोस, "चाकण एवढं वाढलंय म्हणतात, तिकडेही आता असं काही असेलच ना?" लेका, तू देश सोडलास तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार होता. आता तिथे सकाळी सहाला कंपन्यांच्या बसेसची जी रांग लागते ती बघून तू चक्रावशील. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत मावणारं नाही, म्हणून हे पत्र जरा लांबेल. चहा करून घे.

आधी तुमच्या इटलीचं बोलू. तुझं पत्र आल्यावर मी कोर्सचा पैसा सांभाळणाऱ्या त्या फोर्मा-टेम्प संस्थेबद्दल शोधाशोध केली; निवृत्त माणसाला एवढा उद्योग पुरतो. १९९७ साली तिथे एजन्सीमार्फत तात्पुरती माणसं पुरवायला कायद्याने परवानगी दिली. कामगारमंत्री त्रेउ यांच्या नावाने तो कायदा ओळखला जातो. परवानगी देतानाच त्यात एक मेख मारून ठेवली: एजन्सीने तात्पुरत्या कामगारांच्या पगाराच्या प्रमाणात ठरावीक रक्कम वेगळी काढायची आणि ती त्यांच्या शिक्षणासाठीच वापरायची. सध्या हे प्रमाण ४ टक्के आहे. कामगाराच्या पगारातून त्यासाठी काही कापायचं नाही, एजन्सीने वरून भरायचं. हा पैसा सांभाळायला २००० साली फोर्मा-टेम्प निघालं आणि त्याच्या कारभारात एका बाजूला एजन्सीवाल्यांची संघटना, दुसऱ्या बाजूला सीजीआयएल, सीआयएसएल आणि यूआयएल या तिन्ही मोठ्या महासंघांच्या तात्पुरत्या कामगारांसाठी काढलेल्या शाखा बसतात.

मला त्यातल्या टक्केवारीपेक्षा दुसरी गोष्ट भावली. जो माणूस कुठल्याच मालकाकडे टिकणार नाही त्याच्यावर कुठला मालक खर्च करेल? कोणीच नाही, आणि हिशेबाने बघितलं तर त्या मालकाचं चुकतही नाही. आज मी शिकवायचं आणि उद्या त्याचा फायदा शेजारच्या कंपनीने घ्यायचा, असा धंदा कोण करतो? म्हणून सगळ्यांनी एका गल्ल्यात पैसे टाकायचे आणि त्या गल्ल्यातून पोरांना शिकवायचं. एवढी साधी युक्ती. पुढे २००८ साली युरोपीय संघाच्या निर्देशातही आलं की अशा कामगारांना शिक्षणाची संधी मिळावी, अगदी दोन कामांच्या मधल्या रिकाम्या काळातसुद्धा, यासाठी सरकारांनी मालक आणि युनियन यांच्यात बोलणी घडवून आणावीत. रिकाम्या काळात शिकायचं, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपल्याकडे रिकाम्या काळात पोरगं गावी जातं आणि सोयाबीन काढतं.

तिकडे सगळं गोडच आहे असं समजू नकोस. कोर्स कसला काढायचा हे एजन्सीच ठरवणार, म्हणजे जिथली ऑर्डर हातात आहे तेवढंच शिकवणार. तुझ्या लेकीला फोर्कलिफ्ट शिकवलं कारण गोदामाला चालक हवे होते. तिला हिशेबनीस व्हायचं असतं तर तेवढ्याच तत्परतेने शिकवलं असतं का, ते विचारून बघ.

आता चाकण. नाक्यावर उभा राहिलास तर खांबाखांबांवर कागद चिकटवलेले दिसतील: पाहिजेत, आयटीआय, बारावी पास-नापास, बस व जेवणाची सोय, त्वरित जॉइनिंग. लातूर, बीड, नांदेड, यवतमाळची पोरं असतात, आणि झारखंड-ओडिशाचीही. कंत्राटदाराच्या ऑफिसात आधारची झेरॉक्स द्यायची, बँकेचं पासबुक द्यायचं, सेफ्टी शूज घ्यायचे (त्याचे पैसे काही ठिकाणी पहिल्या पगारातून कापतात), आणि दुसऱ्या दिवशी इंडक्शन. अर्धा दिवस एका खोलीत बसवून कंपनीचा इतिहास, गुणवत्तेचं धोरण, आगीच्या वेळी कुठे जमायचं, हे पडद्यावर दाखवतात. बहुतेक मजकूर इंग्रजीत. शेवटी एका तक्त्यावर सही घेतात: मला प्रशिक्षण मिळाले. झालं. जेवणानंतर पोरगं लाइनवर.

तिथे त्याला शिकवतं कोण? शेजारच्या स्टेशनवरचं पोरगं. ते दोन-तीन महिन्यांपूर्वी आलेलं असतं आणि त्याला त्याच्या आधीच्याने शिकवलेलं असतं. सेटर येऊन एकदा दाखवून जातो, सुपरवायझर ओरडायला येतो. मी सरसकट बोलत नाही. मोठ्या गाडीवाल्या कंपन्यांत आता डोजो नावाची खोली असते, जपान्यांकडून घेतलेली, तिथे खऱ्या लाइनवर जाण्याआधी बोल्ट आवळण्यापासून ते कानाने खटका ओळखण्यापर्यंत सराव करून घेतात. ती व्यवस्था मी आत जाऊन बघितली आहे आणि ती उत्तम आहे. आपल्या आयटीआयला असलं काही मिळालं असतं तर आपण नाचलो असतो. पण गाडीचे बहुतेक सुटे भाग बनतात कुठे? व्हेंडरकडे, आणि व्हेंडरच्या व्हेंडरकडे. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये सहा प्रेस, एक सेटर, आणि बाकी सगळी पोरं कंत्राटी.

त्या प्रेसवर बोटं जातात. तुला आठवत असेल, आपल्या वेळीही जायची. पण तेव्हा प्रेसवर बसणारा माणूस त्याच प्रेसवर वर्षानुवर्षं बसायचा, त्याला तिचा स्वभाव माहीत असायचा. सेफ इन इंडिया नावाची एक संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अशा अपघातांवर 'क्रश्ड' नावाचा अहवाल काढते. गुडगाव-मानेसरच्या पट्ट्यातून त्यांनी सुरुवात केली. बोटं-पंजे गमावणाऱ्यांत पॉवर प्रेसवाले किती, परगावातून आलेले किती, कंत्राटी किती, हे वाचलंस की पुढे फार काही सांगावं लागत नाही. गंमत म्हणजे, गंमत कसली, आपल्या जुन्या कारखाना कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने कलम १११-अ घातलं होतं: सुरक्षिततेचं प्रशिक्षण कारखान्यात मिळणं, नाहीतर मालकाच्या शिफारशीने मान्यताप्राप्त केंद्रात मिळणं, हा कामगाराचा हक्क. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही कामगारच होता. इतक्या वर्षांत ह्या कलमावर बोट ठेवून कोणी प्रशिक्षण मागितलं असं मी तरी ऐकलं नाही. अपघातानंतर नुकसानभरपाईसाठी कलमं शोधतात, आधी कोणी शोधत नाही.

बरं, हे पोरगं शिकतं मात्र. तीन-चार महिन्यांत हात बसतो. लाइनच्या टोकाला एक फळा असतो, स्किल मॅट्रिक्स म्हणतात. प्रत्येकाच्या नावापुढे प्रत्येक कामासाठी एक गोल, त्याचे चार भाग. एक भाग काळा केला म्हणजे नुसतं बघितलंय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चारही काळे म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ग्राहकाचं ऑडिट आलं की आधी हा फळा बघतात, त्यामुळे तो नेहमी चकाचक भरलेला असतो. कंत्राटी पोरांचीही नावं त्यावर असतात आणि त्यांचेही तीन-तीन भाग काळे झालेले असतात.

आणि सातव्या महिन्यात पोराला ब्रेक देतात.

का, ते तुला ठाऊकच आहे. आपल्या नमुना स्थायी आदेशांत ४-क आहे: बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरले तर त्याला कायम करा. शिवाय महाराष्ट्राच्या १९७१ च्या पल्प कायद्यात (कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित प्रथांचा कायदा), माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरता ठेवून कायम कामगाराचे हक्क नाकारणं ही अनुचित प्रथा ठरवली आहे. दोन्ही तरतुदी कामगारांच्या बाजूच्या, दोन्हींसाठी आधीच्या पिढ्या भांडल्या. मालकांच्या वकिलांनी कॅलेंडर काढलं आणि २४० च्या अलीकडे रेघ मारली. म्हणजे कायम होण्याचा हक्क देणारा आकडाच बाहेर काढण्याची तारीख ठरवतो. बाहेर पडताना त्याचा गेटपास काढून घेतात आणि फळ्यावरचं नाव ओल्या फडक्याने पुसतात. हातात पडलंच तर कंत्राटदाराचं पत्र, त्यात पद लिहिलेलं: हेल्पर. पुढच्या कंपनीत पुन्हा अर्ध्या दिवसाचं इंडक्शन, पुन्हा एका स्टेशनवर, पुन्हा हेल्परचा दर. अशा चार-पाच कंपन्या फिरलेली, प्रेस, वेल्डिंग, असेंब्ली सगळं करू शकणारी तिशीची पोरं मला भेटतात, आणि कागदावर ती कशी? अकुशल.

मी पुन्हा पुन्हा तिथेच येतो बघ. माझ्या मते प्रश्न शिकवण्याचा आहे त्याहून जास्त शिकल्याच्या नोंदीचा आहे. पोरं कशीही शिकतातच. ते शिकलेलं त्यांच्या नावावर चढत नाही.

हे दुखणं जुनं आहे. माझे वडील परळच्या गिरणीत बदली होते ते तुला माहीत आहे. साच्यावरचं, म्हणजे मागावरचं, काम ते त्यांच्या मामाकडून शिकले: मामाच्या मागे उभं राहायचं, धागा तुटला की जोडायचा, मामा विडी ओढायला गेला की साचा सांभाळायचा, आणि पगार शून्य. गिरणगावात अर्धे लोक असेच शिकले. जॉबरला, म्हणजे माणसं घेणाऱ्या मुकादमाला, चिरीमिरी दिली की बदली मिळायची. ते जरा आवरावं म्हणून १९३५ मध्ये गिरणी मालकांच्या संघाने बदलीची कार्डं काढली: कार्डवाल्याने रोज सकाळी गेटवर यायचं, जागा रिकामी असेल तर त्याला आधी घ्यायचं. त्या कार्डाला आम्ही घरात देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखं जपायचो असं आजी सांगायची. कार्डाने हजेरीला किंमत आली, पण मामाच्या साच्यावर शिकलेल्या कामाची नोंद त्यातही नव्हती. १९८२ च्या संपात बदली कामगारांचा प्रश्न मागण्यांत होता. संप कसा संपला ते आपण दोघांनीही बघितलं आहे, त्यावर आज नको.

आता तू म्हणशील, सरकार कौशल्याच्या एवढ्या योजना काढतं त्यांचं काय? आहेत ना. त्यातच तर खरी मेख आहे. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत प्रशिक्षण ही माणसं स्वस्तात भरण्याची एक पद्धत होऊन बसली आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात कलम १८ आहे: उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू नाहीत. तेव्हा त्यात अर्थ होता, कारण उमेदवारी खरी होती. आपण दोघं केली ना! सहा महिने नुसती कानशीच घासली, पण गुरुजींनी घासून घेतली. आता कंपनीने एकूण मनुष्यबळाच्या, म्हणजे कंत्राटी धरून, अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यायचे असा नियम आहे आणि विद्यावेतनाचा काही भाग सरकार देतं. शिकवणारी कंपनी त्यातून शिकवते. न शिकवणारीला लाइनवर पंधरा टक्के माणसं भविष्यनिर्वाह निधीच्या भानगडीशिवाय मिळतात. ह्याच्यापुढचं पाऊल म्हणजे नीम. २०१३ साली तंत्रशिक्षण परिषदेने, हो, एआयसीटीईनेच, ती योजना काढली. तीन महिने ते तीन वर्षं 'प्रशिक्षण', अकुशल कामगाराच्या किमान वेतनाएवढं एकरकमी विद्यावेतन, मध्ये एक एजंट, आणि नातं नोकरीचं नाही असं कागदावर लिहिलेलं. ह्या पट्ट्यात हजारो पोरं नीमवर राबली. युनियनांनी बोंब मारली, खटले झाले, पुढे ते नियम मागे घेतले गेले. तोपर्यंत कित्येकांची तीन वर्षं गेली ती गेलीच.

सरकारनेही तेच केलं म्हणशील तर २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना घे. बारावीला महिना ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,०००. सहा महिन्यांसाठी. लोकांनी तिला लाडका भाऊ नाव ठेवलं. पोरं शाळांत, पंचायतींत, सरकारी कचेऱ्यांत बसली, मुदत वाढून अकरा महिने झाली, मग घरी जा म्हटल्यावर रस्त्यावर आली: आम्हाला कायम करा. मंत्री म्हणतात, ही नोकरी नव्हतीच, प्रशिक्षण होतं. पोरं म्हणतात, आम्ही खुर्चीवर बसून सरकारचं काम केलं. दोघांचंही बरोबर आहे आणि म्हणूनच भांडण मिटत नाही.

ह्या सगळ्यामुळे युनियनवाल्यांना प्रशिक्षण म्हटलं की पहिली शंका येते ती फसवणुकीची. ती शंका रास्तच आहे. पण त्या शंकेपायी खऱ्या शिक्षणाची मागणीही आपण सोडून दिली, हे मला खुपतं. मागणीपत्र आठव: पगारवाढ, महागाई भत्ता, कँटीन, बस, बोनस, कंत्राटी कामगारांना कायम करा. कायम करा ही एकच मागणी कंत्राटी पोरांच्या नावाने असते, आणि वाटाघाटीत सगळ्यात आधी तीच सुटते. पगारवाढीत हजार-पाचशे वाढवून मिळाले की मागणीपत्राचं ते पान उलटलं जातं.

युनियनच्या अडचणीही सांगतो, नाहीतर तू म्हणशील म्हातारा आपल्याच लोकांवर घसरला. कंत्राटी पोरगं कंपनीच्या पटावर नाही, ते सभासद होत नाही, वर्गणी कोणाकडून घ्यायची? झालंच सभासद तर कंत्राटदार दुसऱ्या दिवशी त्याला बदलतो. शिवाय कायम माणसाच्या मनात भीती असते. ह्याला माझं मशीन शिकवलं तर कंपनीला माझी गरज काय? ही भीती वेडगळ नाही. मल्टिस्किलिंगच्या नावाखाली एका माणसाच्या गळ्यात चार मशिनं बांधलेली आम्ही सगळ्यांनीच पाहिली आहेत.

आणि एक कायद्याची गोम आहे, ती बाहेरच्या लोकांच्या लक्षात येत नाही. कोर्टात जेव्हा प्रश्न येतो की हा ठेका खरा की नुसता दाखवायला, तेव्हा बघतात काय? काम कोण नेमून देतं, देखरेख कोणाची, नियंत्रण कोणाचं. कंपनीच्या इंजिनिअरने पोराला शिकवलं, कंपनीने त्याची परीक्षा घेतली, कंपनीच्या शिक्क्याचा दाखला दिला, की तो कागद उद्या कोर्टात कंपनीच्याच विरुद्ध उभा राहू शकतो. म्हणून शहाणा एचआरवाला काय करतो? शिकवू देतो पण नोंद ठेवू देत नाही, किंवा कंत्राटदाराच्या लेटरहेडवर ठेवतो. शिक्षणाचा कागद पोराला न मिळण्यामागे आळस जेवढा आहे तेवढाच हा विचार आहे.

कागदाची किंमत बघायची तर मुंबईच्या सफाई कामगारांकडे बघ. कचरा वाहतूक श्रमिक संघाने महापालिकेच्या कंत्राटी सफाई कामगारांसाठी वर्षानुवर्षं लढा दिला आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टात २,७०० जणांना कायम करण्याचा निकाल टिकला. त्यानंतरही कित्येकांचं अडलं ते कशात, तर नावाच्या स्पेलिंगात. हजेरीच्या कागदावर एक, आधारवर दुसरं. झाडू मारल्याबद्दल कोणाला शंका नव्हती.

तुमच्या त्या गल्ल्यासारखं आपल्याकडे काहीच नाही असं मात्र मुळीच नाही. हे मला तुझ्या पत्रामुळेच सुचलं. १९६९ चा माथाडी कायदा आठवतो? अण्णासाहेब पाटलांनी ज्यासाठी लढा उभारला तो. हमाल आज ह्या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे. एकाचा असा कोणाचाच नाही. मग मंडळ काढलं, त्यात सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. मालकाने मजुरीवर वरून लेव्ही भरायची, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, दवाखाना. मालक बदलत राहिले तरी कामगाराचं खातं एकच राहतं. म्हणजे इटलीला जे १९९७ नंतर सुचलं त्याचा सांगाडा महाराष्ट्राने जवळजवळ तीस वर्षं आधी उभा केला होता. त्यात शिक्षण घालायचं तेवढं कोणाला सुचलं नाही, कारण पाठीवर पोतं उचलायला काय शिकायचं, असा तेव्हाचा समज. आज त्या मंडळांची अवस्था काय, बोगस माथाडी, खंडणी, ते सगळं मलाही माहीत आहे. तरीही त्या सांगाड्यात दम आहे असं मी म्हणेन.

बांधकाम मजुरांचंही तसंच. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर जमतो, मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी असावेत असं कायदा सांगतो, आणि त्या पैशांतून कौशल्य शिकवता येतं. आपल्याकडे त्यातून गाजलं काय? भांड्यांचे संच आणि सुरक्षेच्या पेट्या. पेटीतलं हेल्मेट चांगलं आहे, माझ्या मेव्हण्याचा मिस्त्री ते घालून मोटारसायकल चालवतो.

नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, ते तू ऐकलंच असशील. औद्योगिक संबंध संहितेत एक निधी आहे, पुनर्कौशल्याचा: कामगाराला छाटलं की मालकाने त्याच्या पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम भरायची आणि ती पंचेचाळीस दिवसांत कामगाराच्या खात्यात जायची. मी आनंदाने वाचायला घेतलं. मग व्याख्यांकडे गेलो. ठरावीक मुदतीची नेमणूक संपली तर ती छाटणी धरायची नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ज्याला दर सात-अकरा महिन्यांनी नवं काम शोधायचं आहे, त्याच्यासाठी हा निधी नाही. वर स्थायी आदेश लागू होण्याची अट ३०० कामगारांवर नेली. महाराष्ट्रात ती ५० वर होती. मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळणार, हे चांगलं झालं, तेवढं मान्य करतो.

मग करायचं काय, असं तू विचारणार. सध्या मी एका उद्योगात आहे. शेजारच्या एका कंपनीतल्या युनियनचा करार संपतो आहे. तिथली पोरं, आता चाळिशीची आहेत पण मला पोरंच, मागणीपत्राचा मसुदा माझ्याकडून तपासून घेतात. मी त्यात एक कलम घुसवलं आहे. फळ्यावर ज्याचं नाव आणि ज्याचे काळे गोल, त्याला बाहेर पडताना त्याची सहीशिक्क्याची नक्कल मिळाली पाहिजे. कायम असो, उमेदवार असो, कंत्राटी असो. ऑडिटरला दाखवता ते खरं असेल तर पोरालाही द्या. कंपनीला ह्यात एक पैसा लागत नाही आणि नाही म्हणायला तोंड राहत नाही, कारण नाही म्हटलं तर फळा खोटा ठरतो. कोर्टाची भीती घालतील हे मी धरून चाललोय, म्हणून नक्कलेवर कामगाराचं पद लिहायचंच नाही, फक्त मशीन, काम आणि पातळी लिहायची असा तोडगा ठेवलाय. त्या कागदावर पुढे पूर्वज्ञानाच्या मान्यतेची सरकारी परीक्षा देता येते. ती सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे, आणि हाताला काम येतं पण दाखला नाही अशांसाठीच आहे. परीक्षेच्या दिवसाची हजेरी कंपनीने धरावी, असं पुढचं वाक्य. शिकवणाऱ्या कायम कामगाराला भत्ता मिळावा हेही टाकलंय, कारण शिकवणं हे काम आहे आणि भत्ता मिळाला की भीतीही जरा कमी होते.

कमिटीत ह्यावरून दोन तट पडले आहेत. अर्धे म्हणतात, कंपनीला फुकटचा मुद्दा मिळेल, आमची पगारवाढ कापतील. दोघं-तिघं मात्र कलमाच्या बाजूने पेटून उठले आहेत, त्यांची स्वतःची पोरं आता कंत्राटात आहेत ना! वडील कायम आणि मुलगा त्याच गेटमधून कंत्राटदाराच्या पासावर, ही तऱ्हा आता घरोघरी आहे. पण सगळ्यात मार्मिक बोलला तो पेंटशॉपमधला एक जुना गडी. म्हणाला, "दादा, दाखल्याचं मागाहून बघू. आधी त्या पोरांना आमच्या कँटीनमध्ये जेवू द्या. वेगळ्या टेबलावर वेगळ्या भाजीला बसवून वर आम्हीच त्यांना शिकवायला लागलो तर ती शिकतील कशाला आमच्याकडून?" सगळे गप्प झाले. मी ते कलम कँटीनच्या कलमाच्या खाली हलवलं.

बैठक येत्या रविवारी आहे, काय होतं ते कळवतो. तिथल्या युनियनच्या तात्पुरत्या कामगारांच्या शाखेत वर्गणी कशी घेतात, कामाच्या जागा सारख्या बदलणारा माणूस सभासद म्हणून टिकवतात कसा, हे कोणाला तरी विचारून मला सविस्तर लिही. इथे सगळे त्याच प्रश्नावर येऊन थांबतात. वहिनींना नमस्कार. गोडा मसाला पाठवायचा राहून गेलाय म्हणून बायको मला रोज बोलते, तर तो ह्या आठवड्यात नक्की टाकतो.

तुझा,
पिंपरीचा मित्र